व्हिटो कॉर्लिओने : मुलांवरची माया खरी, की तीही डावपेचांचाच भाग?

वाचनवेडी :

मागच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्याने मारिओ पुझो यांची १९६९ सालची 'द गॉडफादर' ही कादंबरी वाचायला घेतली आणि त्या निमित्ताने १९७२ चा चित्रपट व १९७४ चा त्याचा दुसरा भागही आम्ही ओळीने पाहिला. चर्चा सुरुवातीला चांगली रंगली आणि नंतर एकाच प्रश्नावर अशी अडकली की शेवटी तो येथे मांडावा असे ठरले.

कथेतील न्यूयॉर्कच्या इटालियन माफिया घराण्याचा प्रमुख डॉन व्हिटो कॉर्लिओने हा खलनायक आहे की नाही, हा आमचा वाद नाही. जुगाराचे अड्डे, कामगार संघटनांवरची पकड, खिशात घातलेले न्यायाधीश आणि वेळ पडल्यास खून, एवढ्यावर ज्याचे वैभव उभे आहे त्याला दुसरा शब्द लावता येत नाही. पण हा माणूस आवाज चढवत नाही, समोरच्याच्या घरच्यांची चौकशी करतो, आणि नकार द्यायचा असला तरी तो असा देतो की घेऊन जाणाऱ्याला आपला मान राखला गेला असेच वाटावे. मुलांच्या बाबतीत तर तो फारच हळवा आहे. लेकीच्या लग्नात सगळे कुटुंब नटूनथटून छायाचित्रासाठी उभे राहते, पण धाकटा मुलगा मायकेल अजून पोहोचलेला नाही एवढ्यासाठी तो छायाचित्र काढू देत नाही. रस्त्यावरून घरी आलेल्या टॉम हेगनला तो पोटच्या मुलांबरोबर वाढवतो आणि वकील करतो, मात्र त्याला रीतसर दत्तक घेत नाही, कारण मुलाचे नाव बदलणे हा त्याच्या गेलेल्या आईवडिलांचा अवमान होईल, असे त्याचे मत कादंबरीत आले आहे.

आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एका गटाच्या मते ही माया म्हणजे लेखकाने कडू गोळीला लावलेला गूळ आहे. खुनी माणूस आपल्याला पचावा म्हणून त्याच्या मांडीवर नातवंड ठेवले आहे, इतकेच. दुसऱ्या गटाच्या मते प्रेमही खरे आणि धंदाही खरा, पण दोन्हींचे कप्पे वेगळे. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. माया खोटी आहे असे मला वाटत नाही आणि कप्पेही वेगळे दिसत नाहीत. लोकांना वश करून घेण्याची त्याची हातोटी आणि मुलांवरचे त्याचे प्रेम यांचा झरा एकच असावा असे सारखे वाटत राहते, परंतु तो नेमका कोणत्या प्रसंगात दिसतो हे मला कट्ट्यावर सांगता आले नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे, ही विनंती.


जुना_प्रेक्षक :

आपण शोधत आहात तो झरा पहिल्याच प्रसंगात आहे, फक्त तो तेथे सुरू होऊन त्याच चित्रपटाच्या उत्तरार्धात, म्हणजे थोरला मुलगा सॉनी याच्या मृत्यूनंतर पूर्ण होतो, त्यामुळे तो नजरेतून निसटतो.

बोनासेरा हा मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक आहे. त्याच्या मुलीला दोन तरुणांनी अमानुष मारहाण केली आहे आणि न्यायाधीशाने त्यांची शिक्षा स्थगित करून त्यांना मोकळे सोडले आहे. तो डॉनकडे न्याय मागायला येतो आणि किती पैसे देऊ असे विचारतो. येथे डॉन दुखावतो. कोणाला मारण्याची सुपारी पुढे केली याचे त्याला काही वाटत नाही. मैत्री न मागता थेट किंमत विचारली, याचे वाटते. माझी बायको तुझ्या एकुलत्या एका मुलीची धर्ममाता आहे, तरी तू मला कधी कॉफीला घरी बोलावले नाहीस, हे गाऱ्हाणे तो इतक्या शांतपणे मांडतो की थोड्याच वेळात अन्याय सोसून आलेला बापच अपराधी दिसू लागतो. मग बोनासेरा हाताचे चुंबन घेतो, 'गॉडफादर' हा शब्द उच्चारतो, आणि काम विनामूल्य होते. त्याबदल्यात एवढेच सांगितले जाते की कधीतरी, कदाचित कधीच नाही, तुझ्याकडे एखादे काम मागेन. तोवर हा न्याय माझ्या मुलीच्या लग्नाची भेट समज.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : मिंधा करणे. पैसे घेतले असते तर व्यवहार तिथल्या तिथे संपला असता आणि बोनासेरा मोकळा झाला असता. डॉनला लोक मोकळे झालेले नको असतात. सावकाराच्या वहीत निदान आकडा तरी असतो, तो फेडला की नाव खोडता येते; डॉनच्या ऋणाला आकडाच नाही. आणि हे ऋण तो नेहमी घरगुती नात्यांच्या भाषेत नोंदवतो, म्हणजे कॉफी, बारसे, लग्न, मुलगी, धर्ममाता. 'गॉडफादर' म्हणजे मुळात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी स्वीकारणारा धर्मपिता, हे वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. मराठीत मात्र आपण हा शब्द 'सिनेसृष्टीत त्याचा कोणी गॉडफादर नव्हता' अशा वाक्यांत पाठीराखा या अर्थाने इतका वापरला की त्यातला बाप हरवला. डॉनच्या बाबतीत तो हरवू देता कामा नये. सगळ्या वस्तीचा बाप होणे हीच त्याची राज्य करण्याची रीत आहे.

आता ऋण परत मागण्याचा प्रसंग पाहा. बोनासेराला निरोप जातो तेव्हा त्याच्या पोटात गोळा उठतो. एखाद्या खुनात आपल्याला गुंतवणार, याची त्याला खात्रीच असते. प्रत्यक्षात डॉन त्याच्यासमोर गोळ्यांनी चाळण झालेले सॉनीचे शव ठेवतो आणि सांगतो की तुझे सगळे कसब पणाला लाव, याच्या आईने याला अशा अवस्थेत पाहायला नको. हे काम बोनासेराने ठरलेल्या दरात कोणासाठीही केले असते. म्हणजे एका बापाने लेकीसाठी घेतलेला उपकार दुसऱ्या बापाने लेकासाठी वसूल केला, आणि वसुली करताना तो खरोखर कोसळलेला होता. या प्रसंगातील दुःख मला पूर्ण खरे वाटते. मात्र ते व्यक्त करण्याचा मार्गसुद्धा त्याच्याकडे एकच आहे : कोणावर तरी असलेले येणे उगवणे.

ताजा कलम : छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी डॉनवर प्रकाश मुद्दाम वरून टाकला, त्यामुळे मार्लन ब्रँडो यांचे डोळे बराच वेळ खोबणीच्या सावलीत राहतात. आपण त्याचा आवाज ऐकतो, मांजर कुरवाळणारा हात पाहतो, आणि डोळ्यांत काय असेल ते मनाने भरून काढतो. बोनासेराचीही हीच स्थिती आहे.


अश्विनी_पु :

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात आणि मूळ धाग्यातही एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे डॉन मुलांवर प्रेम करतो यात वाद नाही. मुलांवर म्हणजे मुलग्यांवर, असे म्हणायचे असेल तर मान्य. मुलीचे काय?

कॉनीच्या लग्नाने गोष्ट सुरू होते. त्या दिवशी सिसिलीचा माणूस कोणाची विनंती नाकारू शकत नाही, म्हणून आत अंधाऱ्या खोलीत दरबार भरतो, आणि बाहेर उन्हात जिचे लग्न चालू आहे ती मुलगी पुढे कशी जगते याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. नवरा कार्लो तिला मारहाण करतो. कादंबरीत ती सुजलेला चेहरा घेऊन माहेरी येते तेव्हा हा प्रेमळ पिता तिला सांगतो की ती आता नवऱ्याची आहे, नवरा-बायकोच्या मध्ये इटलीचा राजाही पडत नसे, तेव्हा घरी जा आणि तो मारणार नाही असे वागायला शीक. तुम्ही आईला कधी मारलेत का, असे ती विचारते, त्यावर आईने मला तशी वेळ कधी आणली नाही, असे उत्तर तिला मिळते. परक्याच्या मुलीला मारणाऱ्या दोन पोरांची हाडे मोडण्याची व्यवस्था ज्याने एका दुपारी केली, त्याच्या स्वतःच्या मुलीच्या वाट्याला हा उपदेश येतो.

यावर कोणी म्हणेल की तो काळ तसा होता आणि त्या समाजाची रीत तशी होती. हे मला मान्य आहे आणि आपल्याकडेही 'दिल्या घरी सुखी राहा' हे वाक्य काही वेगळ्या जातकुळीचे नाही. माझा मुद्दा नीतीचा नसून स्वभावाचा आहे. रीत मोडणे डॉनला कठीण नव्हते. कायदे, करार आणि माणसे त्याने आयुष्यभर मोडली. जावयाला वेगळ्या भाषेत एक शब्द सांगितला असता तरी पुरला असता. त्याने तो सांगितला नाही, कारण घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असणे हाच त्याच्या सत्तेचा पाया आहे आणि त्या जागेवरून मुलगी हलली तर सगळा डोलारा हलतो. त्याने कार्लोला उपजीविका दिली पण धंद्यात कधी आत घेतले नाही, म्हणजे जावयाचा अपमानही त्यानेच शिजत ठेवला. पुढे शत्रूंनी याच जागी बोट घातले. कार्लोने कॉनीला मुद्दाम मारले, ती रडत माहेरी फोन करते, सॉनी संतापून एकटाच गाडीने निघतो आणि पथकर नाक्यावर त्याला गाठून मारतात. बापाने जिथे लक्ष घातले नाही त्याच वाटेने थोरला मुलगा गेला.

तेव्हा प्रेम खरे की खोटे यापेक्षा ते कोणाला, किती आणि कशाच्या बदल्यात मिळते, हे विचारावे असे मला वाटते.


टपरीवरचा :

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले. एक शंका. आपण सगळे डॉनला इतके समजून घेतो आहोत, याचे कारण त्याचा बळी ठरलेला एकही साधा माणूस लेखकाने आपल्याला नीट दाखवलेला नाही, हे तर नसेल? हप्ता देणारा दुकानदार, जुगारात घर घालवलेला कामगार किंवा संपात पिटलेला मजूर पडद्यावर येतच नाही. जे मरतात ते बहुतेक त्याच्यासारखेच असतात. बाकी उरला तो हॉलिवूडचा उर्मट निर्माता, ज्याला नमवण्यासाठी त्याच्या लाडक्या घोड्याचे मुंडके बिछान्यात टाकतात, आणि त्याच्याही बाबतीत आपल्याला जास्त वाईट घोड्याचे वाटते!


वाचनवेडी :

टपरीवरचा, हा मुद्दा आमच्या कट्ट्यावर निघालाच नव्हता आणि तो निघायला हवा होता. वाद्यवृंदाच्या मालकाच्या कपाळावर पिस्तूल लावून एका गायकाचा करार सोडवून घेतल्याची हकीकतही मायकेलने त्याची मैत्रीण के हिला सांगितलेली गोष्ट म्हणूनच आपल्यापर्यंत येते, तीही लग्नाच्या गोंगाटात आणि जेवणाच्या टेबलावर. ती ऐकताना आपण जवळजवळ हसतो.

अश्विनी_पु, कॉनीचा तो प्रसंग चित्रपटात नाही, म्हणून कादंबरी न वाचलेल्यांना डॉन अधिक प्रेमळ वाटतो, हे आपल्या प्रतिसादामुळे लक्षात आले. ब्रँडो यांनी साकारलेला डॉन आणि पुझो यांनी लिहिलेला डॉन यांत हा एक मोठा फरक मानावा लागेल.


रंगपीठ :

चर्चा अमेरिकेतील इटालियन कुटुंबाची असली तरी मराठी वाचकाला दोन जुने बाप आठवल्यावाचून राहत नाहीत, म्हणून थोडे विषयांतर वाटेल असे लिहितो. पण ते विषयाला धरूनच आहे.

पहिला घाशीराम. हा चित्रपट मार्च १९७२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. तरी दोन्हींकडे सत्ता आणि मुलगी एकाच ताटात वाढलेली आहेत. घाशीराम आपली मुलगी गौरी नाना फडणवीसाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि ती मेल्यावर त्याला वेड लागायची पाळी येते. तेथे रसिक, मिठ्ठास आणि कावेबाज आहे तो नाना, आणि मुलीवर जीव असलेला बाप आहे तो घाशीराम. तेंडुलकरांनी हे दोन गुण दोन माणसांत वाटून टाकले आणि एकाला दुसऱ्याच्या हातातले हत्यार केले. पुझो यांनी दोन्ही एकाच कोटात घातले. म्हणून घाशीरामाची कीव येते, नानाचा तिटकारा येतो आणि डॉनच्या वेळी आपला गोंधळ उडतो.

दुसरा धृतराष्ट्र. पुत्रमोह म्हटले की त्याचेच नाव येते, पण डॉनशी त्याची तुलना फार पुढे जात नाही. धृतराष्ट्राला मुलाचे दोष दिसत होते, विदुर सांगत होता, आणि तरी त्याला मुलाला आवरता येत नव्हते. डॉन सॉनीचा तापटपणा, फ्रेडोचा दुबळेपणा आणि मायकेलची कुवत तिन्ही ओळखून असतो, आणि त्याप्रमाणेच कामे वाटतो. साम्य एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे मिठीत. युद्धानंतर धृतराष्ट्राने भीमाला प्रेमाने जवळ बोलावले, श्रीकृष्णाने पुढे केलेला लोखंडी पुतळा त्याने कवटाळून चूर केला, आणि त्यानंतर तो भीमासाठी खरोखर रडला. रडणे खोटे नव्हते आणि चिरडणेही खोटे नव्हते. जुना_प्रेक्षक यांनी वर्णन केलेली बोनासेराची भेट वाचताना मला सारखी ही मिठी आठवत होती.

'सरकार' या २००५ च्या हिंदी चित्रपटात हाच डॉन मुंबईतल्या एका मराठी घराचा कर्ता म्हणून अवतरला. तेथील सुभाष नागरे कठोर आहे, दबदब्याचा आहे, पण व्हिटोची मिठ्ठास त्याच्यात नाही. तो फारसा बोलतच नाही. व्हिटो बोलून जिंकतो.


काठावरचा :

मूळ प्रश्न 'झरा एकच आहे का' असा होता, त्याला माझे उत्तर होय असे आहे, आणि त्यासाठी तीन जागा पुरेशा आहेत.

पहिली, सोलोझ्झोबरोबरची बैठक. अमली पदार्थांच्या धंद्याचा प्रस्ताव डॉन नाकारतो, आणि हे नैतिक कारणाने मुळीच नाही; जुगार चालतो म्हणून सोबत असलेले राजकारणी या धंद्यात आपल्याला सोडून जातील, असे त्याचे गणित आहे. बोलण्याच्या भरात सॉनी मध्येच तोंड उघडतो आणि त्याला या प्रस्तावात रस आहे हे उघड होते. डॉन लगेच हसून सावरून घेतो की मुलांच्या बाबतीत मी जरा हळवा आहे, लाडावून ठेवली आहेत, ऐकायचे तेव्हा बोलतात. म्हणजे आपली माया तो पाहुण्यापुढे ढाल म्हणून धरतो. तो खोटे बोलत नाही. मुले खरोखरच लाडावलेली आहेत. पण सोलोझ्झो त्याच्याइतकाच धूर्त निघतो आणि बाप वाटेतून गेला तर मुलगा सौदा करील, एवढे त्यातून उचलतो. त्यानंतर फळवाल्याकडे संत्री घेताना डॉनवर पाच गोळ्या लागतात.

दुसरी, पाच घराण्यांची बैठक. मुलगा गेला असताना सूड न घेण्याचे वचन तो देतो, आणि पाठोपाठ म्हणतो की मी अंधश्रद्धाळू माणूस आहे; माझ्या धाकट्या मुलाला परत येताना अपघात झाला, पोलिसाची गोळी लागली, तुरुंगात त्याने गळफास घेतला किंवा त्याच्या अंगावर वीज जरी पडली, तरी मी या खोलीतल्या काही जणांना दोष देईन. भर बैठकीत दिलेली ही धमकी बापाच्या काळजीच्या सुरात आली आहे, आणि ती काळजीही आहेच. मग नातवंडांच्या जिवाची शपथ घेऊन तो सांगतो की शांतता मोडणारा मी नसेन. शपथेचा शब्द त्याने अक्षरशः पाळला. शांतता मोडली मायकेलने, तीही बाप गेल्यावर, परंतु तयारी बापाच्या हयातीत बागेत बसून झाली होती. नातवंडांच्या जिवाची शपथ घ्यायची आणि तिच्यात पळवाट ठेवायची, हे ज्याला जमते त्याच्यासाठी नातवंडे प्रिय आहेत की उपयोगी, हा प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही. त्याला या दोन शब्दांतला फरकच जाणवत नसावा.

तिसरी जागा म्हणजे ती बागेतली भेट. हा प्रसंग कादंबरीत या रूपात नाही. रॉबर्ट टाऊन या पटकथाकाराने तो चित्रीकरणाच्या काळात लिहून दिला, आणि दिग्दर्शक कपोला यांनी ऑस्कर स्वीकारताना त्यांचे जाहीर आभार मानले. म्हातारा डॉन वाइन हल्ली जरा जास्तच होते असे सांगतो, नातू कसा आहे ते विचारतो, आणि मध्येच पुन्हा तोच धोका समजावतो की जो बार्झिनी या शत्रू घराण्याच्या डॉनबरोबर बैठक ठरवील तो फितूर असेल. एका श्वासात नातवाचे कौतुक आणि दुसऱ्या श्वासात खुनाचा सापळा, आणि दोन्हींचा सूर एकच. मग तो म्हणतो की हे आयुष्य तुझ्यासाठी मला नको होते. मोठ्या लोकांच्या हातातल्या दोरीवर नाचायला मी आयुष्यभर नकार दिला, पण तुझी वेळ येईल तेव्हा दोरी तुझ्या हातात असेल असे वाटले होते. तू सिनेटर होशील, गव्हर्नर होशील.

या वाक्याकडे लोक मुलासाठी पाहिलेले निर्मळ स्वप्न म्हणून पाहतात. मला त्यातली दोरी खटकते. मुलाने कोणाच्या दोरीवर नाचू नये, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या जगात कोणीच बाहुली नसेल असे जग त्याच्या कल्पनेतही येत नाही. लाडक्या मुलासाठी त्याने मागितलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कळसूत्री खेळातल्या सूत्रधाराची जागा. बाहुल्या तशाच राहणार, धनी तेवढा बदलणार. त्याचे प्रेम कमी होते असे मी म्हणत नाही. त्या प्रेमाला याहून वेगळी भाषा कधी मिळालीच नाही, आणि ज्या मुलासाठी हे सगळे केले तोच त्या दोरीत सर्वांत घट्ट गुंतला.

आता थोडे अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुझो यांनी पुढे एका प्रस्तावनेत लिहिले आहे की डॉन बोलू लागला की त्यांच्या कानात स्वतःच्या आईचा आवाज येत असे. डॉनचे शहाणपण, त्याचा निष्ठुरपणा आणि कुटुंबावरची त्याची चिवट माया हे सगळे त्यांनी आईकडून उचलले होते. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत तिने आपली पोरे वाढवली. हे वाचल्यापासून मला डॉन जरा वेगळा ऐकू येतो. जेवलास का असे विचारता विचारता मुलाला अपराधी वाटायला लावण्याची, न ओरडता घर धाकात ठेवण्याची आणि केलेल्या कष्टांचा हिशेब वेळ येईपर्यंत न काढण्याची कला आपल्यापैकी अनेकांनी स्वयंपाकघरात पाहिलेली आहे. डॉनच्या कपटात आपल्याला ओळखीचे काहीतरी वाटते, ते बहुधा यामुळेच.


अश्विनी_पु :

काठावरचा, शेवटचा परिच्छेद वाचून हसू आले आणि नंतर फार वेळ हसू शकले नाही. मात्र एक भर घालते. त्या आईच्या हातात संसाराखेरीज दुसरी सत्ता नव्हती, म्हणून तिने मायेची सत्ता केली. डॉनकडे पिस्तुले आणि न्यायाधीश दोन्ही होते, तरी तो आईची हत्यारे वापरत राहिला. इतरांना त्याची भीती अधिक वाटते ती यामुळे, असे मला वाटते.


वाचनवेडी :

सर्वांचे आभार. काल रात्री मी दुसऱ्या भागातील तरुण व्हिटोचे प्रसंग पुन्हा पाहिले, कारण 'ही रीत त्याने कधी शिकली' हा प्रश्न आता मला पडला आहे.

फानुची हा वस्तीतला दादा तिघा मित्रांकडे वाटा मागतो. व्हिटो दोघांकडून पन्नास पन्नास डॉलर घेतो, बाकीचे मी पाहतो म्हणतो, आणि बदल्यात एवढेच मागतो की मी तुमच्यावर उपकार केला हे लक्षात ठेवा. पुढे एका विधवेला कुत्र्यामुळे घर सोडायला सांगणाऱ्या घरमालकाला तो रस्त्यात गाठतो, नम्रपणे विनंती करतो, वाढीव भाडे स्वतःच्या खिशातून देऊ करतो, आणि जाताना सुचवतो की माझ्याबद्दल वस्तीत चौकशी करा. उपकाराची परतफेड मी जाणतो हे लोक सांगतील. घरमालक चौकशी करतो आणि घामाघूम होऊन परत येतो. भाडे आपणहून कमी करतो, आणखी कमी करतो, आणि पळायच्या घाईत त्याला दार उघडता येत नाही. मी दर वेळी हसते. टपरीवरचा यांची शंका वाचल्यावर या वेळी मात्र लक्षात आले की तो घरमालकही एक साधा माणूसच होता.

या दोहोंच्या मध्ये फानुचीचा खून आहे. बाहेर संत रोकच्या जत्रेची मिरवणूक चालली आहे, पिस्तुलाला गुंडाळलेले फडके पेट घेते, आणि काम झाल्यावर व्हिटो गच्चीवर जाऊन पिस्तुलाचे तुकडे धुराड्यांत टाकून देतो. मग तो गर्दीतून वाट काढत घरी येतो. बायको मुलांना घेऊन पायऱ्यांवर बसली आहे. तो तान्ह्या मायकेलला उचलून मांडीवर घेतो, त्याची इवली मूठ हातात धरतो आणि सांगतो की मायकेल, तुझ्या बाबांचा तुझ्यावर फार जीव आहे.

आधी मी या वाक्याकडे विरोधाभास म्हणून पाहत असे. हात रक्ताने माखलेले आणि तोंडी माया, असे. आता तसे वाटत नाही. त्या मुलाला कधीही न सांगता त्याच्या नावावर त्या संध्याकाळी एक रक्कम जमा झाली, आणि ती मागायची वेळ येईल तेव्हा कोणाला मागावीही लागणार नव्हती.

पुढच्या महिन्यात कट्टा माझ्याच घरी आहे. कॉनीचे प्रकरण मोठ्याने वाचायचे ठरवले आहे.